अप डबा, डाउन डबा

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नोकरीचं, जेवणखाणाचं, घरच्यांचं काही म्हणजे काही विचारलं नाही. खोलीच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "टाळी वाजवा."

मी वाजवली.

"अजून एक. जोरानं."

मी दुसरीही वाजवली. ते डोळे मिटून, मान एका खांद्याकडे झुकवून उभे होते. आवाज भिंतींवरून फिरून विरला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "घुमते जराशी. सामान आलं का बसून जाईन. पडदे तेवढे जाड लावजा. राहा मंग."

दारात त्यांची बायको उभी होती. ती मला म्हणाली, "भिऊ नका बाई. लगन झाल्यावर मलेबी असंच उभं केलं होतं क्वार्टरात."

मी सांगलीकडची. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत माझी नेमणूक झाली होती आणि त्या गावात मी कुणालाच ओळखत नव्हते. 'जाऊन राहिलो' म्हणजे माणूस जातोय की राहतोय, हे कळायलाच मला पहिला महिना लागला. पण त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी पुढे पाच वर्षं काढली, आणि त्या पाच वर्षांत शांतता अशी फक्त दुपारी एक ते दोन असायची.

घरमालक रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना काकाजी म्हणू लागले आणि बायकोला काकी. दोघंही पोवार, म्हणजे कधीकाळी माळव्यातून येऊन इथे धानाची शेती करत स्थिरावलेल्या कुळांतले. काकाजींचे भाऊ अजून शेती करतात. हे एकटे रुळाला लागले. घरात नवराबायको आपसांत पोवारी बोलत, माझ्याशी तिकडची झाडीबोली मराठी, गिऱ्हाइकांशी हिंदी आणि काकाजी आपल्या मीटरशी इंग्रजी. "कम ऑन, कम ऑन, डोंट बी शाय," असं खालून ऐकू आलं की समजायचं, मीटरचा काटा अजून स्थिर झालेला नाही.

गिऱ्हाइकं म्हणजे जुन्या, भारी लाउडस्पीकरांची मालक मंडळी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्या वडिलांनी विलायतेहून आणलेले, कुणी जहाजावरच्या माणसाकडून घेतलेले कपाटाएवढे स्पीकर. नागपूर, रायपूर, कोलकाता, कुठून कुठून येत. काकाजी त्यांना स्पीकर म्हणत नसत, डबे म्हणत. डावा अप डबा, उजवा डाउन डबा. कोणी लेफ्ट-राइट म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करत.

या डब्यांच्या पोटात, तळाशी, एका फळीवर दोनचार कॉइल, पाचसहा कपॅसिटर आणि काही रेझिस्टर बसवलेले असतात. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. काकाजींचा सगळा जीव या फळीत. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं होतं.

"रेल्वेत क्रॉसओव्हर म्हंजे का? एका लाइनीवरून गाडी दुसऱ्या लाइनीवर नेते ते. इथंबी तेच. वरून आवाजाची एकच गाडी येते. तिच्यात सारंच भरलं राहते, ढोलक बी अन् झांज बी. हे फळी जड माल खालच्या मोठ्या भोंग्याकडे धाडते अन् हलका माल वरच्या छोट्याकडे. आता हे कपॅसिटर पाहा. याच्या आत ओल राहते. चाळीस वर्षांत ते वाळून गेली. मंग वरच्या भोंग्याकडे माल जातच नाही. मालक म्हनते, डबा म्हातारा झाला. डबा काऊन म्हातारा होईन? भोंगा चांगला, लाकूड चांगलं. दोन पार्ट वाळले, बस."

हे सांगताना त्यांनी जुना कपॅसिटर माझ्या तळहातावर ठेवला. भुईमुगाच्या शेंगेएवढा होता, बुडाशी तपकिरी चिकट डाग. त्याच्या जागी जो नवा बसणार होता तो चांगला केळ्याएवढा. नवे कपॅसिटर ते परदेशातून मागवत, आणि पार्सल आलं की आधी जोड्या लावत. वीस नग मोजून त्यांतले ज्यांचं माप तंतोतंत जुळेल असे दोन निवडायचे, एक अपला, एक डाउनला. "नवराबायको कमीजास्त चालते," ते म्हणत, "कपॅसिटर नाही चालत."

मीटरवर त्यांची अशी निष्ठा की कानावर विश्वास ठेवणाऱ्यांना ते हसत. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, साहेब, मला असं वाटतं, तर लगेच उत्तर: "वाटते ते कीर्तनात सांगा. इथं मोजा." प्रत्येक डब्याची नोंद रेल्वेतल्यासारख्या रजिस्टरात होई. वर ठळक अक्षरांत 'फेल्युअर', खाली कारण, जुनं माप, नवं माप, आणि शेवटी 'लाइन क्लिअर' लिहून सही. मी प्रयोगशाळेत काम करते म्हणून माझा त्यांना आदर होता. "तुमी रक्त मोजता, मी आवाज मोजतो," असं ते कुणाशीही माझी ओळख करून देताना सांगत. ऐकणारा माणूस मग माझ्याकडे जरा सावधपणे बघे.

या नादाची सुरुवात दरेकशाला झाली. तरुणपणी ते तिथल्या छोट्या स्टेशनावर होते. चारी बाजूंनी जंगल, डोंगर, आणि क्वार्टरवर कौलांपेक्षा माकडं जास्त. नागपूरच्या एका साहेबाच्या बंगल्यात टेलिफोनची घंटा दुरुस्त करायला गेले असताना त्यांनी तसले स्पीकर पहिल्यांदा ऐकले. घंटा दहा मिनिटांत दुरुस्त झाली, पण ते दोन तास तिथेच जमिनीवर बसून राहिले. साहेबाच्या बायकोने शेवटी चहा दिला आणि घड्याळ दाखवलं. पुढे तो साहेब बदलून जाताना एक बंद पडलेली जोडी टाकून निघाला, ती यांनी मागून घेतली आणि मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमधून दरेकशाला आणली. आमगावहून आलेल्या नव्या नवरीला वाटलं, नवऱ्याने दोन कपाटं आणली. तिने दारं शोधली. दारं नव्हती.

"मी म्हटलं, याच्यात लुगडी कुठून ठेवाची?" काकी सांगत. "तं हे म्हनते, हे बोलते. आन ते तं मुकं होतं. चार महिने मुकं होतं. मले वाटलं, आपल्या नशिबी असाच मानूस आला का काय."

त्या चार महिन्यांत काकाजींनी पोट उघडून, फळी काढून, एकेक पार्ट ओळखून ती जोडी बोलती केली. तीच पहिली. ती अजून त्यांच्या बैठकीत होती.

दुरुस्त डब्यावर ते आधी गाणं कधीच लावत नसत. गाण्यात फसवाफसवी असते, असं त्यांचं मत. गाणारा चांगला असला की वाईट डबासुद्धा गोड वाटतो. त्यांनी तपासणीसाठी स्वतः आवाज भरून ठेवले होते, चांगला मायक्रोफोन उसना आणून, काकींच्या स्वयंपाकघरात. फरशीवर ठेवलेलं स्टीलचं ताट. सुपात पाखडले जाणारे तांदूळ. भांड्यात पडणारं पाणी. आणि काकींच्या काचेच्या बांगड्या, भाकरी थापताना वाजतात तशा. गिऱ्हाईक एवढ्या लांबून मोठ्या उत्सुकतेने यायचं आणि बैठकीत बसून अर्धा तास तांदूळ पाखडलेले ऐकायचं. एक रायपूरचे वकील तर विचारून बसले होते की यात गायिका कधी येते.

मोठ्या आवाजाचा मात्र त्यांना राग. खिशात कायम कापसाचे बोळे. एकदा महाशिवरात्रीला आम्ही तिघं गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडच्या यात्रेला गेलो. पायथ्याशी दोन दुकानदारांचे भोंगे समोरासमोर लागले होते, एक उसाच्या रसाचा, एक रेवड्यांचा. काकाजी कानांत बोळे घालून रसवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "तुमचे भोंग्याचे तार उलटे जोडले आहेत." त्याने विचारलं, मग काय होईल? "काही नाही, पन पाहून मले तरास होऊन राहिला." त्यांनी तिथेच तारा सरळ जोडून दिल्या. भोंगा आणखी जोरात वाजू लागला. देवदर्शन होईपर्यंत काकी त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

सेठजींचे डबे आले ते माझ्या चौथ्या वर्षी. सेठजींची तिरोडा रोडला राइस मिल. त्यांच्या वडिलांनी विलायतेहून आणलेली अक्रोडाच्या लाकडाची जोडी, प्रत्येक डबा माझ्या खांद्याइतका उंच. आवाज असा येत होता की गाणारा गोधडी पांघरून बसलाय. काकाजींनी खालचा भोंगा उतरवला, आठ स्क्रू अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवले, आत हात घालून फळी बाहेर काढली. सगळे कपॅसिटर वाळलेले होते. आठवडाभरात नवे बसले.

नव्याबरोबर त्यांनी एक छोटा रेझिस्टरही लावला. मी कारण विचारलं.

"जुना पार्ट जलमापासूनच जरासा अडखळत होता. ज्या इंजिनिअरनं डबा बनवला त्यानं ते धरलं होतं हिशेबात. नवा पार्ट लय साफ आहे, काहीच अडवत नाही. तसाच लावला तं आवाज टोचते. म्हनून थोडासा अडथळा आपन टाकाचा. पयले होता तेवढाच. मालकाच्या बापानं जे आयकलं तेच मालकानं आयकलं पायजे. त्याच्यापेक्षा चांगलं कराचं नाही. ते आपलं काम नोहे."

रजिस्टरात 'लाइन क्लिअर' झालं, डबे गेले.

महिन्याने ते परत आले. सेठजी बरोबर होते. "भाईसाब, अच्छा है, मगर वो चमक नहीं आ रही," ते म्हणाले. काकाजींनी मीटर लावला. माप बरोबर. तांदूळ लावले, ताट लावलं. मान झुकवून बराच वेळ ऐकलं. आणि मग जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. म्हणाले, "मीटर बराबर दाखवून राहिला, पन सेठजी म्हनते ते खरं आहे. जरासं दबलंच आहे." त्यांनी तो छोटा रेझिस्टर काढला.

सेठजी खुश होऊन गेले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आले. अजून थोडं. काकाजींनी आतला दुसरा एक रेझिस्टर बदलून हलका लावला. पुन्हा ताट वाजलं. मी तेव्हा नुकतीच ड्यूटीवरून येऊन जिना चढत होते. तो आवाज माझ्या दातांत शिरला. शेजारच्यांच्या शेळ्या दावणीला ओढ देऊन उठल्या. खाली दोघेही डोळे मिटून, समाधानाने मान हलवत होते. एकाचे चाळीस पावसाळे मिलच्या धडधडाटात गेलेले, दुसऱ्याचे इंजिनांच्या शिट्ट्यांत.

मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. कळलं ते पंधरा दिवसांनी. काकाजींना ताप आला म्हणून मी माझा थर्मामीटर घेऊन खाली गेले. त्यांच्या काखेत लावला. तो वाजला. काकाजी तसेच हात दाबून बसले. मी म्हटलं, काढा काकाजी. "वाजू तं द्या," ते म्हणाले. थर्मामीटर पुन्हा वाजत होता, माझ्यापासून दोन हातांवर आणि त्यांच्यापासून एका वितीवर.

मग मला एकेक गोष्ट आठवली. त्या पावसाळ्यात संध्याकाळी गच्चीवर बसलो असताना ते म्हणाले होते, "औंदा रातकिडे नाहीत. धानाले औषध मारू मारू सारे मारून टाकले." मला वाटलं होतं थट्टा करतायत. कारण समोरच्या शेतातून रातकिड्यांचा असा कल्लोळ येत होता की मला त्यांचं बोलणंच पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज नीट करून दिले त्याला हे कसं सांगायचं, हे मला कळेना. प्रयोगशाळेत मी रोज कागदावर वाईट आकडे लिहून देते, पण तो कागद पेशंटच्या हातात डॉक्टर देतात. दोन दिवसांनी मी काकींकडे गेले. त्या ओसरीत तांदूळ निवडत होत्या.

"मले मालूम आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "साल झालं. मी मागून बांगड्या वाजवत चालत येतो तं हे दचकते. पयले दचकत नव्हते."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगून का होईन? या कामाच्याच भरवशावर तं खुशीत राहते मानूस." त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. न बघता. मी विचारलं, कसा दिसला? म्हणाल्या, "दिसला नाही, आयकू आला. खडा येगळा वाजते."

मी त्यांना सांगितलं की प्रश्न खुशीचा असता तर मीही बोलले नसते, पण सेठजींच्या वडिलांचे डबे बिघडतायत, आणि काकाजींना उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर जास्त लागेल. काकींनी सूप खाली ठेवलं आणि पदराला हात पुसत उठल्या.

बैठकीत सेठजींची जोडी चौथ्यांदा येऊन उभी होती. काकाजी ऐकत होते. काकी समोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. दरेकशापासून आजवर त्या तिथे कधी बसल्या नव्हत्या. काकाजींनी आश्चर्याने बघितलं. "माह्या बांगड्या लावा," त्या म्हणाल्या.

बांगड्या वाजल्या. काकींनी तोंड वाकडं केलं, स्वतःचा हात वर करून खऱ्या बांगड्या एकदा हलवल्या, मग डब्याकडे बघितलं.

"हे माह्या नोहेत," त्या म्हणाल्या. "ह्या तं फुटून राहिल्या. तुमी जिते आहा, मी जिती आहो, मंग बांगड्या काऊन फुटून राहिल्या?"

काकाजी हसले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझा चेहरा पाहून हसणं थांबवलं.

"काकाजी, मीटर काय म्हणतो?" मी विचारलं.

"मीटर तं पहिल्या दिवशीच बराबर होता."

"मग?"

त्यांनी हातातला मीटर टेबलावर ठेवला, त्याची दोन्ही टोकं नीट गुंडाळली, आणि बाहेर जाऊन ओसरीत बसले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खालून काही आवाज आला नाही. मी वर स्वतःला दोष देत बसले होते. दवाखान्यातही लक्ष लागेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी जिन्याखालून हाक मारली. रजिस्टर मांडीवर उघडं होतं आणि हातात फोन. गेल्या दोन वर्षांतली सगळी कामं त्यांनी पेन्सिलीने खुणा करून काढली होती, अकरा जोड्या. ते एकेकाला फोन करत होते.

"नमस्कार, गोंदियावरून बोलून राहिलो. तुमच्या डब्यात माह्या हातून चूक झाली असंन. कान माहा खराब आहे, मले मालूम नव्हतं. वापस पाठवा, मी पाहून देतो."

पलीकडचे लोक गोंधळत. आवाज उत्तम आहे म्हणत. काकाजी ऐकेनात. मी बसून रजिस्टर तपासलं. नऊ जोड्यांमध्ये त्यांनी मीटर सोडून काहीही केलेलं नव्हतं, त्या ठीक होत्या. सेठजींची धरून फक्त दोन जोड्यांत हात चालला होता. मी तसं दाखवल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाले, "मंग एवढा काही मी बेइमान नोहे." त्यानंतर ते जेवले, दोन दिवसांनी पहिल्यांदा, असं काकी म्हणाल्या.

नागपूरला कान तपासायला मी बरोबर गेले. तिथल्या बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला. काकाजींनी आधी मशीनचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं ते विचारलं आणि कागद बघूनच बसले. शेवटी बाईंनी एक आलेख हातात दिला. रेघ अर्ध्यापर्यंत सपाट जात होती आणि मग एकदम खाली कोसळत होती. बाई हळू आवाजात समजावू लागल्या तर हे खुर्चीतून पुढे सरकले.

"केवढा साफ कर्व्ह आहे पाहा, मॅडम. हा तं दरेकशाचा घाट आहे. इथवर लाइन क्लिअर, अन् इथून पुढे गाडी गेलीच नाही." परत येताना गाडीत त्यांनी तो कागद तीन प्रवाशांना दाखवला.

तो आलेख त्यांच्या टेबलावर भिंतीला लागला. कानाचं मशीनही आलं. आठवड्याच्या आत ते उघडून बघितलं गेलं. "याच्यातबी क्रॉसओव्हर आहे, पन चिपमंधी. हात घालाले जागा नाही," असा अभिप्राय देऊन त्यांनी ते बंद केलं आणि त्यानंतर गच्चीवर बसताना लावू लागले.

दुसरी जोडी मापाप्रमाणे नीट होऊन परत गेली; सगळ्यात अवघड काम राहिलं होतं ते सेठजींचं. डबे घेऊन आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. काकाजींनी उभ्यानेच सांगितलं की मी चूक केली, आता मूळ होतं तसं करून देतो. सेठजी नाराज झाले.

"अब जाके तो सुनाई दे रहा है, और तुम बोलते हो निकाल दूँगा?"

"सेठजी, आपके पिताजी के डब्बे ऐसे नहीं थे."

"पिताजी अब सुनने थोड़ी आएँगे. मैं सुनता हूँ."

तेवढ्यात चहा घेऊन आलेली सून म्हणाली, "काकाजी, निकाल ही दीजिए. बाबूजी गाना लगाते हैं तो हम लोग थाली लेके छत पे चले जाते हैं."

सेठजींनी तिच्याकडे बघितलं. "तू कभी बोली नहीं."

"आप खुश थे, बाबूजी."

काकाजी खाली बसले. डब्यावर हात ठेवून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सेठजीबी बराबर आहेत अन् सूनबी, मॅडम." मग त्यांनी सेठजींना आपल्या कानाचा आलेख खिशातून काढून दाखवला. त्याची झेरॉक्स ते जवळ बाळगतच होते. सेठजींनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला, मिलच्या दिशेला एकदा बघितलं, आणि म्हणाले, "मेरा भी ऐसाच होगा."

उपाय काकाजींना तिथेच सुचला. त्यांनी तो छोटा रेझिस्टर आणि दुसरा मूळ रेझिस्टर दोन्ही परत जागेवर बसवले, आणि प्रत्येक डब्याच्या पाठीला एक खटका लावला. खटका खाली असला की आवाज जसाच्या तसा. वर केला की रेझिस्टरला वळसा पडून चमक वाढते. बाजूला रंगाने लिहिलं, खाली 'असली', वर 'सेठजी'.

सेठजींनी ते वाचलं. "मतलब मैं नकली?"

"आप नहीं सेठजी," काकाजी म्हणाले. "खटका."

त्या दिवशी सगळे खाली बसून जेवले. खटका 'असली'वर होता आणि सेठजींनी भातावर वरण घेत सांगितलं की आपल्याला काही ऐकू येत नाहीये, पण चालेल.

त्यानंतर काकाजींच्या कामाची पद्धत बदलली. माप आधीसारखंच मीटरने. शेवटची तपासणी काकींची. दुपारची झोप झाली की त्या खुर्चीवर येऊन बसत, बांगड्या ऐकत, तांदूळ ऐकत, आणि निकाल देत. निकाल त्यांच्या भाषेत. आवाज दबलेला असला तर "अजून कनी आहे," म्हणजे भाताचं शीत आत कच्चं राहिलं. टोचत असला तर "करपलं." बरोबर असला तर नुसतं "शिजलं," आणि उठून आत जात. काकाजी हे सगळं रजिस्टरात लिहीत. त्यांनी कोष्टकही बनवलं होतं: कनी म्हणजे अर्धा ओहम कमी करा, करपलं म्हणजे एक ओहम वाढवा. नागपूरचे एक गृहस्थ फोनवर विचारायला लागले, "काकाजी, माझे डबे शिजले का?"

एकदा दोघांचं वाजलंही. मीटर म्हणत होता बरोबर, काकी म्हणत होत्या कनी. काकाजी हट्टाला पेटले. दिवसभर घासाघीस झाली. संध्याकाळी त्यांना सापडलं की डाउन डब्यातला सोल्डरचा एक टाका बाहेरून चकचकीत पण आतून सैल होता. मीटर लावताना दाब पडून तो जुळत होता, वाजताना सुटत होता. त्यांनी टाका पुन्हा मारला, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि पोवारीत काहीतरी बोलले. मला ते कळलं नाही. पण त्या दिवशी वांग्याच्या भाजीत तेल सढळ होतं.

माझी बदली झाली, मी आमच्या भागात परत आले. आता ते कधीमधी फोन करतात, बहुतेक वेळा इंग्रजी पत्र लिहून घ्यायला. परवा असाच फोन आला. कोलकात्याचे एक प्राध्यापक आपली जोडी पाठवणार आहेत. त्यांनी सविस्तर प्रश्न पाठवले होते, त्यातला शेवटचा असा की अंतिम तपासणीसाठी तुम्ही कोणतं उपकरण वापरता, कंपनी आणि मॉडेल कळवावे.

"लिवा, मॅडम," काकाजी म्हणाले. "उपकरन आमगावचं आहे. कंपनी कधीची बंद झाली. पंचेचाळीस साल होऊन राहिले, एकबी पार्ट बदलला नाही. दुसरं भेटत नाही, अन् हे विकाले नाही."

मागून काकींचा आवाज आला. "आन हेबी लिवजो बाई, का त्या उपकरनाले दुपारी एक घंटा झोपू द्या लागते."

मी दोन्ही वाक्यं इंग्रजीत करून पाठवली.